चौथ्या दिवशी नाडी कोण मोजतो?

पोटाचे ऑपरेशन झालेला माणूस सहसा टेबलावर दगावत नाही. तो दगावतो वॉर्डात, पाचव्या, आठव्या, बाराव्या दिवशी. कधी घरी जाऊन परत आल्यावर. थिएटरचे दार उघडून सर्जन बाहेर येतात, ‘ऑपरेशन चांगलं झालं’ असे सांगतात आणि नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. काळजी करण्याचे दिवस खरे तर त्यानंतर सुरू होतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्या बहुसंख्य रुग्णालयांत रुग्णाकडे बघण्याची शिस्त सैल पडते. पोटात जंतुसंसर्ग सुरू झाला आहे हे वेळेत ओळखले तर बहुतेक रुग्ण वाचतात. उशिरा ओळखले तर तोच रुग्ण, तेच ऑपरेशन आणि तोच सर्जन असूनही जीव जातो. ऑपरेशननंतरच्या या दिवसांचा हिशेब आपल्याकडे कोणी ठेवत नाही, आणि ही गोष्ट आता धोक्याच्या पातळीला पोचली आहे.

जगाचे आकडे आधी पाहू. शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांच्या आत दरवर्षी सुमारे ४२ लाख माणसे मरतात, असा अंदाज २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. हृदयविकार आणि पक्षाघात यांच्यानंतर मृत्यूचे हे तिसरे मोठे कारण ठरते. त्याआधीच्याच वर्षी आफ्रिकेतल्या २५ देशांतील २४७ रुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. त्या पाहणीत दगावलेल्या २३९ रुग्णांपैकी २२५ जणांचा मृत्यू ऑपरेशनचा दिवस पार पडल्यानंतर झाला होता आणि गुंतागुंतींमध्ये पहिला क्रमांक जंतुसंसर्गाचा होता. म्हणजे सर्जनच्या हाताखालून हे रुग्ण सुखरूप बाहेर आले होते. त्यांना वॉर्डाने गमावले.

पचनसंस्थेच्या शस्त्रक्रियांपुरते बोलायचे, तर ६६ देशांतील साडेबारा हजार रुग्णांच्या अभ्यासात श्रीमंत देशांत सुमारे ९ टक्के, मध्यम देशांत १४ टक्के आणि गरीब देशांत २३ टक्के रुग्णांना ऑपरेशनच्या जागी संसर्ग झाल्याचे दिसले. भारतासह सात देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फाल्कन’ चाचणीत पोटावर मोठा छेद घेतलेल्या साधारण पाचातल्या एका रुग्णाला संसर्ग झाला. त्वचेवर महागडे द्रावण लावले काय किंवा जंतुनाशक लेप दिलेला धागा वापरला काय, फरक पडला नाही. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत साधा उपाय कामी आला. पोट शिवण्याआधी सर्वांनी हातमोजे आणि उपकरणे बदलली, तेव्हा संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. हा उपाय प्रत्येक थिएटरने उद्यापासून अमलात आणावा, त्यात दुमत असू नये. पण मग त्या उरलेल्या सोळांचे काय? प्रतिबंधाचे सगळे नियम पाळूनही शंभरातल्या सोळा जणांना संसर्ग होणार असेल, तर ते सोळा कोण हे शोधून काढणारी यंत्रणा वॉर्डात असायला हवी. संसर्ग टाळण्यावर आपल्याकडे निदान कार्यशाळा होतात, भिंतीवर फलक लागतात. संसर्ग लवकर पकडण्यावर मात्र कोणी बोलत नाही.

आत काय घडते ते समजून घेतले पाहिजे, कारण सगळा घोळ तिथेच आहे. आतड्याचा सडलेला किंवा कर्करोगाचा भाग काढून दोन टोके एकमेकांना शिवतात. एखाद्या टाक्याजवळ रक्तपुरवठा कमी पडतो, जोड तिथे विरतो आणि आतड्यातला मल पोटाच्या पोकळीत झिरपू लागतो. हे बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान सुरू होते. त्या वेळी रुग्ण ओरडत नाही, बेशुद्ध पडत नाही. सकाळी ८४ असलेली नाडी संध्याकाळी १०८ होते. मिनिटाला सोळा वेळा चालणारा श्वास चोवीसवर जातो. पोट थोडे फुगते. काल चार पावले चाललेला माणूस आज उठायला नको म्हणतो. लघवीची पिशवी नेहमीपेक्षा कमी भरते. ताप असेलच असे नाही. दिवसातून तीन-चार वेळा पॅरासिटामॉल चालू असेल तर तो वर येत नाही, आणि मधुमेही वा म्हाताऱ्या रुग्णाला ताप येतच नाही असेही पुष्कळदा घडते. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी वाढू देत नाहीत. दुखण्यावरच्या इंजेक्शनांनी पोटाचे दुखणे झाकलेले असते.

आणि या प्रत्येक लक्षणाला एक सोयीचे, सौम्य उत्तर तयार असते. पोट फुगले, तर गॅस झाला आहे. नाडी वाढली, तर दुखते आहे म्हणून. श्वास वाढला, तर घाबरले आहेत. उठत नाहीत, तर आजोबा मुळातच आळशी आहेत. एकेक उत्तर वेगळे घेतले तर खरेही असू शकते, आणि दहातल्या सात-आठ रुग्णांत ते खरे निघते म्हणूनच ते इतके घातक आहे. ही चारही लक्षणे एकाच रुग्णात, एकाच दिवशी, एका कागदावर कोणी मांडली तर चित्र लख्ख दिसते. पण ती मांडली जात नाहीत. सकाळच्या सिस्टरने नाडी पाहिलेली असते, दुपारच्या सिस्टरने लघवी मोजलेली असते, रात्री मुलाला बापाचा श्वास जोरात चाललेला दिसतो, आणि सर्जन राऊंडला येतात तेव्हा केसपेपरवर ‘प्रकृती स्थिर’ लिहिलेले असते.

चार्टमधला श्वासाचा रकाना उघडून पाहावा. एका ओळीत सगळ्या रुग्णांपुढे १८, १८, २०, १८ असे आकडे दिसतील. श्वास मोजायला घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट रुग्णाच्या छातीकडे लक्ष द्यावे लागते. वॉर्डात ते मिनिट मिळत नाही म्हणून आकडा अंदाजाने भरला जातो. ही सवय जगभर आढळलेली आहे, केवळ आपली नाही. पण येणाऱ्या संकटाची सर्वांत आधी चाहूल देणारी खूण जर कागदावर खोटी लिहिली जात असेल, तर पुढचे सगळे उशिराच होणार.

उशीर म्हणजे किती, आणि त्याची किंमत काय? कॅनडातील डॉक्टर आनंद कुमार आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सेप्टिक शॉकच्या, म्हणजे संसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या, २,७३१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रक्तदाब पडल्यापासून पहिल्या तासात परिणामकारक प्रतिजैविक मिळालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के जगले. पुढच्या सहा तासांत उशिराच्या प्रत्येक तासागणिक जगण्याचे प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घसरत गेले. डेन्मार्कमध्ये अल्सर फुटून पोटात भोक पडलेल्या रुग्णांचा अभ्यास झाला. तिथे ऑपरेशनला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या विलंबाबरोबर वाचण्याची शक्यता २.४ टक्क्यांनी कमी होताना दिसली. या गणितात तास मोजले आहेत. आपल्याकडे ‘उद्या सकाळी बघू’ हे वाक्य रात्री नऊ वाजता बोलले जाते.

अमेरिकेतील एका अभ्यासाकडे तर प्रत्येक रुग्णालय प्रमुखाने थांबून बघावे. २००९ मध्ये घाफेरी, बर्कमायर आणि डिमिक या सर्जनांनी ८४ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तपासली. ज्या रुग्णालयांत मृत्यू सर्वांत कमी आणि ज्यांत सर्वांत जास्त, त्यांची तुलना त्यांनी केली. अपेक्षा अशी, की वाईट रुग्णालयात गुंतागुंती जास्त होत असणार. तसे निघाले नाही. गुंतागुंतींचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे होते, एकीकडे २४.६ टक्के आणि दुसरीकडे २६.९ टक्के. फरक होता तो गंभीर गुंतागुंत झाल्यानंतर किती जण वाचले यात. चांगल्या रुग्णालयांत असे १२.५ टक्के रुग्ण दगावले आणि वाईट रुग्णालयांत २१.४ टक्के. संकट दोन्हींवर येते; एक रुग्णालय ते लवकर ओळखून हालचाल करते, दुसरे करत नाही. रुग्णालयाची पारख थिएटरमधल्या चकचकीत यंत्रांवरून करणाऱ्या आपल्या समाजाने हे समजून घ्यायला हवे.

मग लवकर ओळखणे जमवता येते का? नेदरलँड्सने ते करून दाखवले. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर जोड गळतो आहे का हे पाहण्यासाठी तिथे रोज ठरावीक खुणा तपासून गुण देण्याची पद्धत सुरू झाली. पहिले लक्षण दिसल्यापासून निदान होईपर्यंत जाणारा वेळ चार दिवसांवरून दीड दिवसावर आला आणि जोड गळालेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर उतरले. याच विचाराची मोठी चाचणी तिथल्या १७ रुग्णालयांत स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियांवर झाली आणि २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. रोजची तपासणी, रक्ताची चाचणी, अमुक आकडा ओलांडला की सीटी स्कॅन, तमुक दिसले की लगेच नळी घालून पू काढणे, असा आराखडा सर्वांनी पाळायचा. गंभीर रक्तस्राव, अवयव निकामी होणे आणि मृत्यू या तिन्ही मिळून होणाऱ्या अनर्थाचे प्रमाण १४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. नव्वद दिवसांतील मृत्यू ५ टक्क्यांवरून ३ टक्के झाले. यात नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. कधी, काय, कोणी बघायचे आणि त्यावर काय करायचे एवढेच आधी ठरवून ठेवले होते.

आपल्याकडे असे का होत नाही, याचे उत्तर ‘डॉक्टर निष्काळजी’ असे देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. तालुक्याच्या गावातले पंधरा-वीस खाटांचे नर्सिंग होम डोळ्यांसमोर आणा. ऑपरेशन करणारे सर्जन जिल्ह्याच्या गावाहून येतात, संध्याकाळी दुसऱ्या गावी त्यांची दुसरी यादी असते. रात्री हजर असलेल्या आरएमओची, म्हणजे निवासी डॉक्टरांची, पदवी बहुधा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची असते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण ओळखण्याचे शिक्षण त्यांना कोणी दिलेले नसते. वॉर्डात एक सिस्टर आणि एक मावशी. सीटी स्कॅन चाळीस-पन्नास किलोमीटरवर. अशा ठिकाणी रात्री अडीच वाजता नाडी १२० झाली, तर सर्जनना उठवायचे की सकाळची वाट पाहायची, हा निर्णय सर्वांत कमी पगार आणि सर्वांत कमी अधिकार असलेल्या बाईच्या डोक्यावर असतो. उठवले आणि काही निघाले नाही, तर बोलणी तिलाच बसतात.

परिचारिकांच्या संख्येचा प्रश्न इथे येतोच. युरोपातील नऊ देशांत चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची माहिती पाहून २०१४ मध्ये असे आढळले, की एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की तीस दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. आपल्या सरकारी रुग्णालयांच्या सर्जरी वॉर्डात रात्रपाळीला दोन सिस्टर चाळीस-पन्नास रुग्ण सांभाळतात. जमिनीवर गाद्या टाकून ठेवलेले वेगळेच. ही माणसे श्वास मोजत नाहीत म्हणून त्यांना दोष देणे अन्यायाचे आहे. रिक्त पदे वर्षानुवर्षे न भरणाऱ्या खात्याला तो दोष द्यायला हवा.

सर्जनच्या मनाचाही विचार करावा लागेल. आपल्या हाताने शिवलेला जोड सुटला आहे, हे मान्य करणे जगातल्या कोणत्याही सर्जनला जड जाते. ‘आणखी एक दिवस पाहू’ हे पुष्कळदा वैद्यकीय मत नसते. ती आशा असते. त्यात आपल्याकडे मारहाणीची भीती भर घालते. दुसरे ऑपरेशन करायचे म्हटले की ‘पहिल्यांदा काय केलं होतं?’ असा सवाल येतो, आणि पुढे जमाव. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला, पण भीती गेली नाही. या भीतीचा पहिला बळी स्वतः रुग्ण असतो, कारण घाबरलेला डॉक्टर गुंतागुंत लपवतो आणि लपवलेल्या गुंतागुंतीवर उपाय होत नाही. मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयांत मृत्यू आणि गुंतागुंतींवर सहकाऱ्यांसमोर बोलायची बैठक तरी असते. एकट्या सर्जनच्या नर्सिंग होममध्ये ती कोण कोणाशी घेणार?

या लपवाछपवीत सर्वांत जास्त वापरले जाते ते प्रतिजैविक. संशय आला की सीटी स्कॅनऐवजी इंजेक्शन बदलले जाते. दोन दिवस हे देऊन बघू, मग ते. आतड्याला भोक असताना नुसते इंजेक्शन बदलणे म्हणजे फुटलेला बांध तसाच ठेवून शेतातले पाणी उपसत बसणे. पू बाहेर काढणे आणि गळती थांबवणे हा उपचाराचा गाभा आहे, औषध त्याच्या जोडीला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५१८ रुग्णांच्या चाचणीत पोटातला संसर्गाचा उगम नीट काढून टाकल्यानंतर चार दिवसांचे प्रतिजैविक आठ दिवसांइतकेच उपयोगी ठरले. उगम तसाच राहिला तर चार काय आणि चौदा काय. शिवाय आता ही औषधेही बोथट होत चालली आहेत. आतड्यात राहणाऱ्या आणि पोटातल्या संसर्गात हमखास सापडणाऱ्या ई-कोलाय या जंतूवर इमिपेनेमसारखे राखीव औषध २०१७ मध्ये सुमारे ८१ टक्के नमुन्यांत लागू पडत होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अहवालात हे प्रमाण ६३ टक्क्यांच्या आसपास आले. अंदाजाने दिलेले इंजेक्शन लागू पडेल याची खात्री दरवर्षी कमी होते आहे. तेव्हा पू आणि रक्ताचा नमुना तपासायला न पाठवता औषधे बदलत बसणे हा उशीरच आहे, फक्त तो उपचारासारखा दिसतो.

आता घरी गेल्यानंतरचे दिवस. इथे तर अंधार पूर्ण आहे. अमेरिकेत १,२०० हून अधिक आतड्याच्या जोडांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जोड गळाल्याचे निदान सरासरी बारा-तेरा दिवसांनी झाले आणि गळती झालेल्या ३३ पैकी १४ रुग्णांत ते घरी जाऊन पुन्हा दाखल झाल्यावरच कळले. आपल्याकडे दिल्ली, मणिपाल आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयात वैद्यकीय संशोधन परिषदेने सर्व प्रकारच्या शस्त्रक्रियांच्या ३,०९० रुग्णांचा पाठपुरावा केला. १६१ जणांना ऑपरेशनच्या जागी संसर्ग झाला, आणि त्यातले सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण डिस्चार्जनंतर विचारपूस केल्यामुळे हाती लागले. ही देशातली उत्तम, साधनसंपन्न रुग्णालये आहेत आणि त्यांनी मुद्दाम फोन करून विचारले म्हणून कळले. जिथे कोणी विचारतच नाही तिथे संसर्गाचा आकडा कमी दिसतो आणि रुग्णालय त्याची जाहिरात करते.

पोटाची सर्वाधिक होणारी शस्त्रक्रिया सिझेरियन आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात चारातली एक प्रसूती सिझेरियनने होते. सिझेरियन झालेली बाई चार-पाच दिवसांत घरी जाते. टाक्यातून पाणी येते, घाण वास येतो, थंडी वाजते, पण बाळंतिणीला थोडे व्हायचेच असे घरातल्या बायका म्हणतात, आणि तिलाही बाळ सोडून दवाखान्याच्या रांगेत उभे राहणे नको असते. योग असा, की तिच्या दारात सरकारचा माणूस येतच असतो. नवजात बाळाच्या तपासणीसाठी आशाताई सिझेरियन झालेल्या घरी ७ व्या, १४ व्या, २१ व्या, २८ व्या आणि ४२ व्या दिवशी जाते. ती बाळाचे वजन करते, ताप बघते. आईच्या पोटावरचा टाका बघून, नाडी मोजून, चार प्रश्न विचारून तिने त्याची नोंद कागदावर केली आणि शंका आली तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना फोन केला, तर नवा कर्मचारी नेमावा लागणार नाही. त्या कामाचा स्वतंत्र मोबदला मात्र आशाताईंना मिळालाच पाहिजे. फुकटात आणखी एक काम त्यांच्या गळ्यात घालायचे असेल तर हा प्रस्ताव न मांडलेला बरा.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचे उदाहरणही इथे विसरता येत नाही. २०१९ मध्ये तिथे ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. त्या शस्त्रक्रिया गरजेच्या होत्या का यावर बरीच चर्चा झाली आणि व्हायलाच हवी होती. त्यांतल्या किती जणी टाके काढून होताच कोयता घेऊन फडात गेल्या आणि त्यांचे पोट पुढे कोणी तपासले, हे मात्र कोणी विचारले नाही. दसऱ्यानंतर मुक्कामच हलतो, तिथे ‘आठ दिवसांनी दाखवायला या’ या ओळीला काय अर्थ उरतो?

घरी गेलेल्या रुग्णावर लक्ष ठेवायला फोनचा उपयोग होतो याचे पुरावे आहेत. स्कॉटलंडमध्ये पोटाची तातडीची शस्त्रक्रिया झालेल्या ४९२ रुग्णांपैकी काहींना ठरावीक दिवशी मोबाइलवरून प्रश्न पाठवले गेले आणि जखमेचा फोटो मागवला गेला. तीस दिवसांचा एकूण हिशेब मांडता निदानाच्या वेळेत ठसठशीत फरक दिसला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण पहिल्या सात दिवसांत निदान होण्याची शक्यता फोटो पाठवणाऱ्या गटात जवळपास चौपट होती. आपल्याकडे शेतावरच्या मजुराच्या घरातही एखादा स्मार्टफोन असतो. फोटोत पोटाच्या आतली गळती दिसत नाही आणि सावळ्या त्वचेवर लाली चटकन उठून दिसत नाही, म्हणून फोटोबरोबर ताप, भूक, पोट फुगणे, चालणे यांबद्दलचे प्रश्न हवेतच.

सरकारकडे यासाठी लागणारे हत्यार आधीच आहे, ते वापरले जात नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, प्रत्येक ऑपरेशनची मंजुरी आणि कागदपत्रे संगणकावर जातात, पैसे सरकारी तिजोरीतून जातात. त्या कागदपत्रांत ऑपरेशन झाले याचा पुरावा मागितला जातो. तिसाव्या दिवशी माणूस कसा आहे, हे कोण विचारतो? केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरले आहेत. संसर्गाची गणना जगभर तीस दिवसांपर्यंत करतात. सोळाव्या दिवशी पोटात पू झालेला गरीब माणूस मधल्या या फटीत पडतो. आरोग्यमित्राने ७ व्या, १४ व्या आणि ३० व्या दिवशी फोन करावा, संसर्ग निघाला तर त्याच रुग्णालयात त्याच पॅकेजखाली तपासण्या आणि दुसरे ऑपरेशन व्हावे, आणि पैशाअभावी सीटी स्कॅन अडू नये. गुंतागुंत कळवणाऱ्या रुग्णालयाला दंड होणार असेल तर कोणी कळवणार नाही. दंड हवा तो लपवणाऱ्याला.

वॉर्डात करायच्या गोष्टी त्याहून स्वस्त आहेत. ब्रिटनमध्ये २०१२ पासून नाडी, श्वास, रक्तदाब, तापमान, रक्तातला प्राणवायू आणि शुद्ध यांना गुण देऊन बेरीज करतात. पाच झाले की डॉक्टरांनी तातडीने यायचे, सात झाले की अतिदक्षता विभागाला कळवायचे. हा तक्ता भरायला बीपीचे यंत्र, थर्मामीटर, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आणि घड्याळ पुरते. त्याचा खरा फायदा सिस्टरला होतो. ‘मला बरं वाटत नाहीये यांचं’ असे चाचरत सांगण्याऐवजी ‘सर, गुण सात आहेत’ असे ती सांगू शकते, आणि मग न येण्याची जबाबदारी सरांवर जाते. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी काही शे रुपयांची सीआरपी ही शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी केली तर आणखी मदत होते. हा आकडा चढला म्हणजे जोड सुटलाच असे नाही. पण तो खाली असेल तर मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेत गळती नसल्याची खात्री सुमारे ९७ टक्के देता येते, असे अनेक अभ्यास एकत्र केल्यावर दिसले आहे. म्हणजे अनावश्यक सीटी स्कॅन वाढतील ही भीती अनाठायी आहे. नीट वापरली तर ही चाचणी घरी कोणाला बिनधास्त पाठवायचे हेही सांगते.

आणि नातेवाइकांना बोलायचा हक्क. २०२१ मध्ये लंडनच्या एका नामवंत रुग्णालयात मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी सेप्सिसने गेली. सायकलवरून पडून तिच्या स्वादुपिंडाला मार लागला होता. आईवडील पुन्हा पुन्हा सांगत होते की तिची तब्येत ढासळते आहे. वेळेत अतिदक्षता विभागात हलवले असते तर ती बहुधा वाचली असती, असे मृत्यूच्या अधिकृत चौकशीत पुढे आले. तिच्या आईने दिलेल्या लढ्यातून २०२४ पासून इंग्लंडच्या रुग्णालयांत तिच्या नावाचा नियम लागू होऊ लागला. रुग्णाची तब्येत खालावते आहे असे घरच्यांना वाटले, तर ते उपचार करणाऱ्या पथकाला ओलांडून दुसऱ्या तज्ज्ञ पथकाला बोलावू शकतात, दिवसा किंवा रात्री. महाराष्ट्राने २०२१ मध्ये नर्सिंग होमचे नियम सुधारून रुग्णहक्कांची सनद आणली. त्या सनदेत हा एक हक्क घालायला विधिमंडळाची परवानगी नको, खर्चाची तरतूद नको. तालुक्याच्या रुग्णालयात दुसरे पथक नसेल तर फोनवर जिल्हा रुग्णालयाचा सर्जन असावा. १०८ ची रुग्णवाहिका तर आहेच, फक्त ती वेळेत बोलवायला हवी. उशिरा, मरणाच्या दारात पाठवलेल्या रुग्णावर ससून किंवा घाटीसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयांचे डॉक्टर जादू करू शकत नाहीत.

हे सगळे होईपर्यंत वाचकांनी एवढे करावे. घरातल्या कोणाचे पोटाचे ऑपरेशन झाले असेल, तर तिसऱ्या दिवसापासून नाडी आणि श्वास रोज विचारा, जमल्यास स्वतः मोजा. नाडी शंभराच्या वर टिकून आहे, श्वास मिनिटाला वीसच्या वर चालला आहे, पोट फुगते आहे, लघवी कमी झाली आहे, माणूस कालच्यापेक्षा आज मलूल आहे किंवा असंबद्ध बोलतो आहे, यातले दोन-तीन एकत्र दिसले तर ताप नाही म्हणून थांबू नका. डॉक्टरांना शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारा: पोटात संसर्ग नाही हे आपण कशावरून म्हणता? आणि दुसरे ऑपरेशन करावे लागेल असे सर्जन स्वतःहून सांगत असतील, तर त्यांच्या अंगावर जाऊ नका. वेळेत खरे सांगणारा सर्जन तुमच्या माणसाला वाचवायला निघालेला असतो.

सरकारकडे तातडीची मागणी एकच आहे. फुले योजनेतून पैसे मिळणाऱ्या पोटाच्या प्रत्येक शस्त्रक्रियेच्या कागदात, संसर्ग झाला असेल तर पहिले लक्षण कधी दिसले आणि उपचार कधी सुरू झाला, हे दोन रकाने येत्या आर्थिक वर्षापासून सक्तीचे करावेत, आणि या दोन वेळांमधले अंतर जिल्हावार दर सहा महिन्यांनी जाहीर करावे.